तीनदा रद्द झालेला समुद्र

"माह्या घरातलं कोनतरी मले समुद्र पाहू देऊन नाही राह्यलं," लीलाबाई म्हणाल्या आणि कोणी बसा म्हणायच्या आधीच खुर्चीवर बसल्या.

करिश्मा गावंडेने हातातली फाईल मिटली. अमरावतीत राजापेठेत खासगी तपासाचा फलक लावून तिला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत तिने मुख्यतः एकच काम केलं होतं. नवरा मुलगा सांगतो तेवढा शिकलेला आहे का, ते पाहणं. तीक्ष्ण डोकं असलेल्या माणसाने आयुष्यभर मार्कशिटा तपासाव्यात, याचा तिला मनापासून वैताग होता.

"पाणी घ्या," देवीदासकाका म्हणाले. "गोडं हाय."

देवीदासकाका निवृत्त हवालदार, आता करिश्माचे मदतनीस. माणूस विश्वासू, पण डोकं बैलगाडीच्या चालीने चालणारं. त्यांचं गाव भातकुलीकडे, खारपाणपट्ट्यात. तिकडच्या विहिरींचं पाणीच खारट. त्यामुळे ते रोज संध्याकाळी ऑफिसच्या नळावर दोन कॅन भरून स्कूटरवर घरी नेत, आणि दिवसभर भेटेल त्याच्याशी पाण्याबद्दल बोलत.

लीलाबाई चौसष्ट वर्षांच्या. चांदूर बाजारापासून चार कोसांवरच्या गावातून एकट्या एसटीने आल्या होत्या. पाण्याचा पेला त्यांनी मान उजवीकडून वळवून पाहिला, मग घेतला.

"डावा डोया गेला माहा. काचबिंदू," त्या म्हणाल्या. "उजवा बी चालला. अकोल्याच्या डॉक्टरनं दिवाईत सांगतलं, वर्षभर दिसन. पुढचं सांगता येत नाही. म्या घरी सांगतलं, मले दुसरं काई नको. एकडाव अंदमानचा समुद्र दाखवा."

"अंदमानच काहून?" करिश्माने विचारलं.

"आमचे मालक जवानीत दोन वर्षं तिथं होते. चव्वेचाळीस वर्षं झाले लग्नाले, थे समुद्राचं सांगते अन् मी आयकतो. सारं गाव त्यायले अंदमानवाले भगवंतराव म्हणते." त्यांचा आवाज चढला. "तीनडाव ठरलं, बाई. तीनडाव मोडलं. पयले साऱ्यायची ओळखपत्रं गायब. तारीख निंघून गेल्यावर चादरीच्या घडीत सापडली. दुसऱ्या खेपेले कोनं तरी सहलवाल्या कुंदनले फोन करून सांगतलं का घरात सुतक पडलं. अन् परवा अमोलच्या फोनवरून मेसेज गेला का रद्द करा. अमोल म्हणते मी नाही केला. सारे एकमेकावर खेकसून राह्यले. मोबाईलवरच्या ग्रुपचं नाव पयले अंदमान होतं, मंग अंदमान फायनल झालं, आता अंदमान पक्कं फायनल हाय. अन् मी अजून ओसरीतच बसून हावो!"

"घरात कोन कोन हाय?"

"मी, मालक, पोरगा अमोल, सून रागिणी, नात आचल. आचल तेरा वर्षांची. तिनं तर पोहाचे कपडे घालून रडून घेतलं."

"जागा शिल्लक हायेत?"

"कुंदननं उद्या बारा वाजेपर्यंत धरून ठेवल्या. मंग गेल्या." लीलाबाईंनी पदराने उजवा डोळा पुसला. "म्या कोनाचं काय वाईट केलं, थे तरी मले समजू द्या."

*

कुंदनचं ऑफिस जयस्तंभ चौकात होतं. सहलींची जुळवाजुळव करणारा हा तरुण माणूस या घराचं नाव ऐकताच दोन्ही हातांनी डोकं धरून बसला.

"मी काश्मीर केलं, केरळ केलं, अंदमान तर अकरा वेळा केलं. पण असा परिवार नाही पाह्यला, म्याडम."

"सुतकाचा फोन कोणाचा होता?"

"पुरुषाचा. आवाज दाबलेला, तोंडावर रुमाल धरल्यासारखा. नंबर चांदूर बाजारच्या एका किराणा दुकानातला. म्हणे, घरातल्या माणिकबाई वारल्या, सुतक हाय, यात्रा रद्द करा. मी लगेच केली. सुतकाचं कोणी खोटं बोलते का?"

"अन् परवाचा मेसेज?"

"सोमवारी दुपारी एक वीसले आला. अमोलभाऊच्या फोनवरून. आईची तब्येत बरी नाही, तिकिटं रद्द करा, येवढंच."

टेबलावर सहलीचा कार्यक्रम पडला होता. देवीदासकाकांनी तो चष्मा लावून वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सूर्यास्त पाहाले दुपारी चारले निंघाचं? भर उन्हात?"

"काका, तिथं पाच-सव्वापाचले सूर्य बुडते. उन्हाळ्यात सुद्धा सहाच्या आत गेलाच. घड्याळ आपलंच हाय, पण जागा कुठल्या कुठं पूर्वेले. लोक दुपारचे झोपतात अन् सूर्यास्त हुकवतात, मंग मले शिव्या देतात."

"अन् प्याचं पाणी? चहूकडून समुद्र म्हंजे खारंच असन."

"नाही हो. आठ महिने पाऊस पडते तिथं. धरण हाय. पाणी गोडं."

"पाहा!" काका हळहळले. "समुद्रात राहून गोडं पाणी, अन् आमी जमिनीवर राहून खारं."

करिश्मा त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

*

लीलाबाईंना घेऊन ते गावात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ओसरीच्या भिंतीवर आचलने रंगीत खडूंनी काढलेला तक्ता होता. बेटं, जहाज, माडाची झाडं. वरच्या तीन तारखा खोडलेल्या, चौथी अजून कोरी. तक्त्याखालच्या फळीवर तळहाताएवढा शंख ठेवला होता.

अमोल खाटेवर पालथा पडला होता. कमरेत उसण भरल्यामुळे चार दिवस त्याला खाटेवरून उठवत नव्हतं, आणि त्यामुळे तो जगावर चिडलेला होता.

"मी काहून मोडू?" तो म्हणाला. "तारखा मीच काढल्या. संत्र्याच्या बागेले ताण देला हाय. ताण म्हंजे दीड महिना पाणी बंद, झाडं तहानली का मंग बहार फुटते. या दिवसात बागेत कोनाचं काम नसते. आता नाही गेलो तर पाणी सुरू होते, मंग वर्षभर हालता येत नाही."

"सोमवारी दुपारी फोन कुठं होता?"

"इथंच, ओसरीत, चार्जिंगले. मी आत पडून होतो. फोन उघडाचा आकडा म्हंजे आचलचं जन्मसाल. घरात साऱ्यायले मालूम." त्याने फोन पुढे केला. पांढऱ्या कव्हरवर अंगठ्याएवढा निळसर डाग होता. "अन् हे काय लागलं तवापासून, कोन जाणे. नवं कव्हर होतं."

करिश्माने डाग नखाने खरवडला. नखात पिठासारखं काहीतरी आलं. तिने ते रुमालाला पुसलं.

"माणिकबाई कोण?"

"बाबाची मावशी. अकोल्याकडं, पूर्णेच्या काठी राहे. मी शायेत होतो तवाच वारली. कुंदननं हे नाव सांगतलं तवा आमी चाटच पडलो. मेलेली बाई परत मारली का हो कोनं!"

शाळेत शिकवणारी रागिणी जेवणाच्या सुट्टीत घरी आली होती. तिच्या बोटांना फळ्यावरच्या मार्करची निळी शाई लागलेली होती. देवीदासकाकांनी करिश्माला कोपराने ढोसलं. करिश्माने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"तीनदा रजा मागितली अन् तीनदा परत केली," रागिणी धुसफुसत म्हणाली. "मुख्याध्यापक आता मला अंदमान म्हणूनच हाक मारतात. अन् वरून गावात चर्चा, की सुनेलाच सासूसोबत जायचं नाही. माणिकबाईंचं तर मी नावही ऐकलं नव्हतं."

"अंदमान कोणी ठरवलं?"

"आईंनी. पहिले मी गोवा म्हटलं होतं. माझे सासरे, मामाजी, तर एका पायावर तयार होते. विमानानं चला म्हणत होते, कधी बसलो नाही म्हणे. पण आईंनी हट्ट धरला. तुमी जिथं राह्यले थेच दाखवा, म्हणाल्या. पोर्ट ब्लेअरला मामाजींची जुनी जागा, जुने सोबती, सगळं पाहायचं होतं त्यांना."

तेवढ्यात भगवंतराव बागेतून आले. उंच, ताठ, पांढरीशुभ्र मिशी. दोन्ही हात मनगटापर्यंत फिकट निळे झाले होते.

"बोर्डो लावून राह्यलो बुंध्याले," ते हात धूत म्हणाले. "मोरचूद अन् चुना. आठवडा झाला. मजुराच्या हातचा मले पटत नाही, मी एकटाच लावतो."

"सोमवारी दुपारी कुठं होते?"

"बागेतच. दुसरं कुठं?"

करिश्माने पुढे काही विचारलं नाही. ती खाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काका, मले अंदमानचं सांगा ना. मी बी समुद्र नाही पाह्यला."

भगवंतरावांनी आधी बायकोकडे पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवला. हा माणूस सांगायला लागला की ऐकणारा हलत नसे, हे दोन मिनिटांतच कळलं.

"लाकडाच्या वखारीत होतो मी. संध्याकायी सहा वाजता सुट्टी. सुट्टी झाली का आमी सारे पोट्टे समुद्रावर. सूर्य बुडेपर्यंत पाण्यात. आभाय लाल, पाणी लाल, अन् आपन मधात." लीलाबाईंच्या ओठांवर हसू आलं होतं. पुढचं वाक्य त्यांना पाठ असावं. "पण खाण्यापिण्याचे लय हाल. पाणी खारं. साबण कितीबी घासा, फेस नाही. चहा फुटे. अन् तुरीची डाय दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजे ना. दोन वर्षं वरण म्हनून नुसते दाणे चावले."

"खरं हाय, भाऊ!" देवीदासकाका कळवळून म्हणाले. "खाऱ्या पाण्यात डाय नाहीच शिजत. माही बायको त्यापायीच रडते."

करिश्मा क्षणभर काकांकडे पाहतच राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांचा अभिमान वाटला होता, आणि का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

*

अंगणात येताच देवीदासकाका कुजबुजले, "सुनबाईच हाय, म्याडम. बोटाले निळी शाई, फोनवर निळा डाग. अन् सुतकाचा फोन तिनं कोना मानसाकडून करवला असन."

"मार्करची शाई नखानं खरवडली तर पीठ निघते का, काका?"

"नाही निंघत."

"मंग चला आत. साऱ्यायले बसवा."

सगळे ओसरीत बसले. अमोलला लोडाला टेकवून बसवलं. रागिणीने शाळेत फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं आणि पुन्हा एक सुस्कारा सोडला. भगवंतराव उभेच होते.

"सोपं आहे ते आधी," करिश्मा म्हणाली. "फोनवरचा डाग शाईचा नाही. तो चुना आणि मोरचूद आहे, बोर्डो. अमोलभाऊ चार दिवस बागेत गेले नाहीत. मजूर नाहीत. बोर्डो आठवडाभर एकच माणूस लावतो आहे."

अमोल ताडकन उठायला गेला आणि कंबर धरून खाली बसला. "बाबा?"

"थांबा. सुतकाच्या फोनचंही तेच. त्या माणसाला कोणाला तरी मारायचं होतं. जिवंत माणसाचं नाव घेता आलं असतं, पण तोंडून निघालं नाही. जिवंताला मेलं म्हणणं अभद्र. म्हणून त्याने वीसेक वर्षांपूर्वी वारलेली माणिकबाई काढली. रागिणीताईंना ते नावच माहीत नाही. तोंडात ते नाव चटकन येणारा माणूस तिच्या जवळचा, तिचं मीठ खाल्लेला असणार."

"पण काहून?" लीलाबाई ओरडल्याच. "तुमी? तुमी माहा समुद्र मोडला?"

"हा प्रश्न मलाही सुटत नव्हता," करिश्मा म्हणाली. "विमानाची भीती म्हणावी, तर गोव्याला ते विमानानेच जायला तयार होते. समुद्राची भीती म्हणावी, तर गोव्यालाही समुद्रच आहे. त्यांना नको होतं ते फक्त अंदमान. जिथं ते दोन वर्षं राहिले, नेमकी तीच जागा."

तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. आचलने पहिल्या दिवसाखाली नारिंगी सूर्य काढला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, सूर्यास्त पाच दहा.

"कुंदन सांगतो, तिथं सूर्य सहाच्या आत बुडतो, बारा महिने. सहा वाजता सुट्टी झालेला माणूस सूर्य बुडेपर्यंत पाण्यात कसा राहील? तो अंधारात पोचेल. आणि तिथलं प्यायचं पाणी पावसाचं, गोडं. मग कोणत्या गावात साबणाला फेस येत नाही, चहा फुटतो आणि डाळ शिजत नाही?"

"आमच्या!" देवीदासकाका एकदम बोलले. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे... खारपाणपट्टा?"

"अकोल्याकडं, पूर्णेच्या काठी. माणिकमावशीचं गाव," करिश्मा म्हणाली. "भगवंतराव, तुम्ही अंदमानला कधी गेलाच नाहीत."

भगवंतराव हळूहळू खाली बसले. निळ्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"मॅट्रिकले नापास झालो," ते म्हणाले. "माहा बाप लय बोलला. मी साऱ्या गावासमोर सांगतलं, चाललो अंदमानले, तोंड नाही दाखवत. अकोल्याच्या स्टेशनापर्यंत गेलो. गाडी आली. पायरीवर पाय ठेवाले जीव झाला नाही. गाडी निंघून गेली, मी मावशीकडं गेलो. दोन वर्षं तिच्या वावरात राबलो. परत आलो, तर लोक इचारे, कसं हाय अंदमान? आता काय सांगू? पुस्तकात वाचलं होतं थे सांगतलं. बाकीचं मावशीच्या गावातलं."

"अन् शंख?" लीलाबाईंनी विचारलं.

"अकोल्याच्या बजारातला."

रागिणीने तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय, ते कळलं नाही.

"मले पाहाले आले तवा," लीलाबाई म्हणाल्या, "बापासमोर तोंड उघडून म्या येकच गोष्ट इचारली होती. समुद्र कसा असते? तुमी सांगतलं. म्या हो म्हटलं."

"तेच तर," भगवंतराव म्हणाले. "तिथं तू म्हणली असती, वखार दाखवा. सोबती दाखवा. पोट्टीसमोर, सुनेसमोर मी कुठं तोंड लपवू? वाटे, यंदा टयलं का पुढं पाहू."

"पुढं?" लीलाबाई उठल्या. संताप त्यांच्या आवाजात मावत नव्हता. "खोटं बोलले, बोलले. त्याचं मले काई नाही, गोष्ट चांगली सांगत होते. पण दिवाईपासून हे तिसरं मोडलं! माहा डोया तुमची लाज सरेपर्यंत थांबणार होता काय? पुढं काय दिसलं असतं मले? तुमच्या मिशा?"

भगवंतरावांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसताना मिशीला निळा रंग लागला.

लीलाबाईंनी मान उजवीकडून वळवून तक्त्याकडे पाहिलं. मग नवऱ्याजवळ आल्या.

"म्हंजे तुमी बी नाही पाह्यला समुद्र."

"नाही."

"येकदाबी नाही?"

"नाही, लीला."

"अमोल, फोन दे यायले," लीलाबाई म्हणाल्या. "यायनंच मोडलं, यायनंच जोडाचं."

अमोलने कुंदनचा नंबर लावून फोन बापाच्या हाती दिला. पांढऱ्या कव्हरवर दुसरा निळा अंगठा उमटला, पण या वेळी त्याने कुरकुर केली नाही.

"कुंदनभाऊ, भगवंतराव बोलतो. पाचही तिकिटं पक्की करा," म्हातारा घसा खाकरत म्हणाला. "आयका. विमानात उजव्या हाताची खिडकी पाह्यजे. नाही, मले नाही. हिले. हिचा उजवाच डोया राह्यला."

लीलाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"अन् यायले माह्या बाजूचीच जागा द्या," त्या म्हणाल्या. "पयल्यांदाच चालले, भेतीन."